गुरुवारची गैरहजेरी

निपाणी, शुक्रवार, फेब्रुवारी १९८७

युनियनवाल्या शंकरअण्णाची नोकरी वाचली! वखारीच्या कॉम्प्युटरनं त्याला दर गुरुवारी गैरहजर दाखवलेलं. मालकांनी कोर्टासाठी छापलं ते त्याचं एकट्याचंच पान. त्यांचे वकील तासभर यंत्रमहिमा गात होते. कायद्याची पुस्तकं पाठ केलेल्या मी नवशिक्या वकिलानंही तो भक्तिभावानं ऐकला. मग अण्णाच्या वकील सुमनआक्का उठल्या. ऑपरेटरला विचारलं, “यंत्राला सुट्टी कुठल्या वाराची सांगितलीत?”

“रविवारची.”

“आणि वखारीला?”

“गुरुवारची. बाजार असतोय न्हवं.”

म्हणजे गुरुवारी अख्खी वखारच गैरहजर! न्यायाधीशही हसले.

बाहेर मी म्हटलं, “आक्का, कॉम्प्युटर कधी शिकलात?”

“शिकले न्हाय. दोन दिवस वखारीत बसून ते काय भरतात, तेवढं बघितलं.”

वकिलाला एवढं पुरतं? आज पुरलं. पण बसावं लागलं, हेही खरं.

अण्णा विचारतो, “यंत्राला सुट्टी, मग रविवारी कामावर जाऊ का न्हाय?”

जा रं बाबा, ताठ मानेनं जा.