धोंडू हे नाव कोणाला जावं

मी, खाली सही करणारी, कपडे शिवून पोट भरणारी, उद्या बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल होणार असून आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे. नवरा म्हणतो, "डोकं ठिकाणावर असतं तर हे लिहायला बसली असतीस का?" त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. त्याने मजकूर बदलत नाही.

१. घर सासूबाईंचं आहे, आणि त्या हे मला विसरू देत नाहीत, त्यामुळे त्याच्या वाटणीचा प्रश्न येत नाही. बँकेत जे काही असेल ते नवऱ्याने बाळासाठी ठेवावं.

२. शिलाई मशीन धाकट्या बहिणीला. मशीन कुरकुरलं तर तेल घालावं, त्याच्यावर ओरडू नये. कापडाची मोठी कात्रीही तिलाच. जाऊबाईंनी मागितली तरी देऊ नये. त्यांनी त्या कात्रीने वर्तमानपत्र कापलं होतं, आणि वर म्हणाल्या, "कात्रीच ती, कागदाने काय होतंय?" मी तेव्हा गप्प बसले, म्हणून इथे लिहिते. तरी मन मोठं करून त्यांना बटणांचा डबा देते. (पुन्हा विचार केला: शिंपल्याची बटणं काढून घेऊन.)

३. आजोबांना, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांना, मी काहीही ठेवत नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सुईत दोरा ओवण्यापासून सगळं मला त्यांनीच शिकवलं. पण वकीलकाका सांगतात, साक्षीदाराला काही दिलं तर ते देणं बाद होतं, आणि साक्षीला मला आजोबाच हवेत. कारण पुढचं कलम त्यांच्यासंबंधी आहे.

४. मुलगा झाल्यास त्याचं नाव धोंडू ठेवावं.

हे आजोबांचं नाव. मी ते घरात उच्चारलं त्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, हे म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं." सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या गळ्यात धोंड कशाला बांधतेस?" जाऊबाई म्हणाल्या, "दगडापेक्षा वीट मऊ. विटू तरी ठेव."

धोंडा म्हणजे दगड, हे मला मान्य आहे. पण हे नाव कोणी रागाने ठेवलेलं नाही. आजोबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. दोघांची नावं राजांना शोभतील अशी होती. तिसऱ्या खेपेला पणजीने ठरवलं, आता असं नाव ठेवायचं की मृत्यूने दारात येऊन "आत कोण आहे?" असं विचारलं तर सांगता यावं, "कोणी नाही, धोंडा आहे." धोंडा कोण चोरून नेतं? कित्येक घरांनी याच भीतीने दगडू, केरू, भिकू अशी नावं ठेवली. ऐकणाऱ्याला ती हेटाळणी वाटते. खरं तर ते लपवणं आहे. सोन्याची अंगठी जुन्या फडक्यात गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवतात, तसं.

मागच्या वेळी आम्ही मुलाचं नाव आधीच ठरवलं होतं. फार सुंदर होतं. ते मी इथे लिहीत नाही. पाळणा परत माळ्यावर गेला.

"तुझा खरंच विश्वास आहे यावर?" असं नवऱ्याने विचारलं. नाही. पण शिवण उसवणार नाही अशी खात्री असली तरी शेवटी मी दोन टाके उलटे घालतेच.

मुलगी झाल्यास नाव सासूबाईंनी ठेवावं. मात्र फुलाचं नको. फुलं लोक तोडतात.

५. वरच्या कलमात एक अडचण आहे. वकीलकाका म्हणतात, "जे आपल्या मालकीचं तेवढंच देता येतं. नाव आजोबांचं आहे." म्हणून आजोबांना विचारलं. ते काज करत होते, मान वर केली नाही.

"शाळेत पोरं मला मुद्दाम ठेचकाळायची," ते म्हणाले. "म्हणायची, वाटेत धोंडा आला. त्या पोराला कशाला ते भोग? आणि मी अजून वापरतोय ना ते नाव. माझ्यामागे काय ते बघा."

"तुमच्यामागे नको, आजोबा. दोघांनी एकदमच वापरा."

"एका घरात दोन धोंडे? तुझी सासू ठेच लागून पडेल."

"त्यांना मी सांभाळीन."

"आधी स्वतःला सांभाळ," असं म्हणून त्यांनी दोरा तोडला. पुढे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तेव्हा स्पष्ट करते की, आजोबांची खालची सही मी सही करताना त्यांनी पाहिलं एवढ्यापुरतीच आहे. तिच्यावरून त्यांनी नाव दिलं असं कोणी धरू नये. त्यांनी संमती दिली नाही तर कलम ४ रद्द समजावं आणि मुलाचं नाव नवऱ्याने ठेवावं. म्हाताऱ्या माणसाकडून काही उकळल्याचं पाप मला नको.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: शिलाईच्या दुकानामागची खोली
तारीख: दवाखान्यात जाण्याचा आदला दिवस, सकाळ

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले: (सही)
२. आजोबा: (सही) धोंडू, थोरला