धुतलेला डबा

अहो,

चहा गॅसवरच्या गंजात आहे, उठल्यावर गरम करून घ्या. धावायचे जोडे शोधू नका, ते घालून मीच तुमच्या रोजच्या धावायच्या बोरगावच्या रस्त्यानं चालली. मोठे होतात, म्हणून पुढे कापसाचे बोळे कोंबले.

जिना चढता तुमाले दम लागे. मॅरेथॉनची तयारी सुरू केली तवा मलेच बरं वाटलं. रोज संत्री सोलून, बिया काढून डबा भरून दिला. लग्न झाल्यापासून तुमी एक डबा धुऊन आणला नाही. आता रोज चकचकीत धुतलेला येऊन राहिला. तुमच्यासंगं धावणाऱ्यात पल्लवीच तेवढी बाई आहे, मले समजते.

आज डबा तिले मीच नेऊन देईन. बिया मात्र काढल्या नाही.

शोभा