शहात्तरावरची रेघ

तीर्थरूप आत्यास,

धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. ताई आणि बाळ खुशाल असतील, तुझे गुडघेही (तू सांगत नाहीस म्हणून विचारते) बरे असतील. आतोबा वेळेवर जेवतात. वेळेवर म्हणजे मी ताट पुढ्यात आदळते तेव्हा.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी फोनवर शोध लागल्याची बातमी दिली आणि तू आनंदाने रडलीस, हे मला चारदा ऐकवून झालं. आता नीट ऐक. तू तीस वर्षं ज्या पोलादी डब्याला सवत म्हणतेस, त्यातली हवा आम्ही उपसून काढतो आणि ताऱ्यांमधल्या पोकळीत असतात तसले वायू चिमूटभर सोडतो. काही कणांवर वीजभार चढवला की ते झाले आयन. हे आयन दिसेल त्याच्याशी सोयरीक जुळवतात आणि पोटी काय आलं ते आम्ही वजनावरून ओळखतो. आतोबांना हवं होतं ग्लायसिन, आपल्या अंगातल्या प्रथिनांची सगळ्यात साधी वीट. वजनाच्या आलेखात त्याची रेघ शहात्तरावर उमटते. ती उमटली.

बुधवारी मी वायूच्या नळ्या उघडायलाच विसरले (विसरभोळेपणा तुझ्या माहेरचाच) आणि यंत्र चालू केलं. डबा रिकामा, रेघ जागच्या जागी. उघडून पाहिलं तर आतल्या तबकडीवर अंगठ्याचा ठसा. माणसाच्या घामात ग्लायसिन असतंच. म्हणजे जीवनाचा उगम शोधताना सापडला जिवंत माणूस, तोही हातमोजे न घालणारा. अंगठा माझाच असणार, असले पराक्रम दुसरं कोण करतं. आतोबा पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, लेख छापायला गेलाय, आणि हे त्यांना सांगायचं मी रोज उद्यावर ढकलते.

तुझी भाची

ता. क. खरं काम हे, की फोन करून तूच त्यांना सांग. तुझं ते निमूट ऐकतात.

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. पाकीट चिकटवताना आतोबा आले आणि मी सगळं ओकले. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, अंगठा माझा आहे. हल्ली बोटं थरथरतात, मोज्यात स्क्रू धरता येत नाही, म्हणून मोजा काढून तबकडी बसवली होती. रिकाम्या डब्यातली रेघ त्यांनी यंत्राच्या नोंदीत पाहिली होती, लेख परवाच मागे घेतलाय. अडलंय ते तुझ्यापाशी. म्हणाले, तीस वर्षांत ती पहिल्यांदा चीज झालं म्हणाली, तिला कोणत्या तोंडाने सांगू. रविवारी ते तिकडे येतायत, सांगायलाच. तुला आधीच ठाऊक आहे असं दाखवू नकोस, त्यांचं त्यांना सांगू दे. थरथरीचं तुला अजिबात कळवायचं नाही, असंही बजावलंय. तेवढं मी ऐकलं नाही.