शेखसाहेबांचा शब्द

७८६
खोर अल मिल्ह, १० मार्च १९६८

ती. मोहिद्दीनमामूंना हमीदचा सलाम. वि. वि. मी खुशाल आहे.

मामू, खुशखबर आहे. इथले राजे म्हणजे शेखसाहेब, त्यांच्या होडीत पाणी शिरत होतं. बूड उघडून मी नव्या फळ्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भरल्या मजलिशीत सांगितलं, की खाडीवरची विहिरीपर्यंतची जागा हमीदची, त्याने घर बांधावं आणि बायकामुलं आणावीत. तुमच्या नवाबांसारखा थाट इथे नाही. चपला काढून कुणीही आत जातो, कहवा पितो आणि आपलं गाऱ्हाणं सांगतो. ते हो म्हणाले की खलास, काम झालं.

दोन खोल्या उभ्या आहेत, छप्पर तेवढं राहिलंय. मैमुनाला सांगा, इन्शाल्ला थंडीत तिला आणि नूरजहाँला बोलावतो. बायकोचं तोंड पाहून दोन वर्षं झाली. आता नाही राहवत.

लहानांना गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा हमीद

७८६
बाणकोट, ६ एप्रिल १९६८

चि. हमीद यास मामूंची दुवा.

होडीला चार फळ्या ठोकून जागीरदार झालास की रे! मैमुनाने आतापासूनच पत्र्याची पेटी काढून उन्हात ठेवली आहे. नूरजहाँ रोज त्या पेटीत बसून आखातात तुझ्याकडे जाते.

पण बाबा, त्या जागेचा कागद करून घे. मी नवाबांच्या दिवाणखान्यात उमर घालवली. संस्थान विलीन झालं, तरी ईदला लोक सलामाला यायचे. कामाला मात्र मामलेदाराकडे जायचे. नवाबसाहेब सकाळी तयार होऊन बसत आणि आज कोण आलंय म्हणून मला विचारत. कुणीच आलेलं नसायचं. तेव्हा फार वाईट वाटायचं. तिथून इंग्रज जाणार असं रेडिओवर ऐकलं. राज्य आपलं होतं तेव्हा राजाचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

तब्येतीला जप. म्हाताऱ्याची आठवण ठेव.
मोहिद्दीन

७८६
खोर अल मिल्ह, १७ नोव्हेंबर १९६८

ती. मामूंना सलाम. वि. वि.

कागद मी मागितलाच नाही. दिलेल्या शब्दावर कागद मागायचा म्हणजे त्यांना तोंडावर खोटं म्हणण्यासारखं. इथे असं कुणी करत नाही आणि माझी तर जीभच उचलली नसती.

इंग्रज जायचे म्हणून आता इथे कारभाराला कौन्सिल बसलंय. निशाण शेखसाहेबांचं, सलामीही त्यांनाच, पण जमीन, बंदर आणि जकात कौन्सिलकडे. खाडीवरून रस्ता जाणार म्हणून मला घर पाडायची नोटीस आली आहे. मी मजलिशीत गेलो. पूर्वी बसायला जागा मिळत नसे, परवा दोन म्हातारे तेवढे होते. शेखसाहेबांनी स्वतः कहवा ओतून दिला. म्हणाले, की ते माझ्याबरोबर कौन्सिलच्या कचेरीत येतील आणि जागा आपणच दिली असं सांगतील. मला धीर आला, पण लाजही वाटली. त्यांनी कुणाच्या कचेरीत जायचं म्हणजे काय!

मैमुनाला यातलं काही बोलू नका. दुवेत आठवण असू द्या.
हमीद

७८६
बाणकोट, ८ डिसेंबर १९६८

चि. हमीद यास दुवा.

शेखसाहेब तुझ्यासाठी पायरी उतरताहेत, हे लहानसहान नाही. घराचं अल्ला बघेल, तू त्यांची इज्जत सांभाळ. चार लोकांत त्यांना खाली बघायला लागेल असं काही होऊ देऊ नकोस.

मैमुनाने शेजारी सांगून टाकलंय, की ती आता जाणार. मी तिच्यासमोर यायचं टाळतो.

सांभाळून राहा, पत्राला उशीर लावू नकोस.
मोहिद्दीन

७८६
खोर अल मिल्ह, १९ जानेवारी १९६९

ती. मामूंना हमीदचा सलाम. वि. वि.

मैमुनाला सांगा, पेटी आत नेऊन ठेव. घर गेलं.

शेखसाहेब माझ्याबरोबर कचेरीत आले. कारकून कुवेतला शिकून आलेला, वागायला अदबशीर. त्याने उठून त्यांना खुर्ची दिली. शेखसाहेबांनी सांगितलं, की जागा आपणच दिली. कारकून म्हणाला, की हे साक्ष म्हणून लिहून घेऊ, खाली साक्षीदाराची सही करा, मग कौन्सिल ठरवेल. मामू, ज्यांनी जागा दिली त्यांनाच साक्षीदार केलं! त्यांनी टाक हातात घेतला आणि सहीसाठी खाली वाकले. दारातले लोक बघत होते.

मला ते बघवेना. तुमचं पत्र डोक्यात होतंच. मी पटकन बोलून गेलो, की साहेब, राहू द्या, जागा मला कुणी दिलीच नव्हती, माझीच समजुतीत चूक झाली. मला वाटलं, त्यांची सुटका केली. कारकुनाने लगेच कागद बाजूला ठेवला.

शेखसाहेबांनी टाक खाली ठेवला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘त्या कचेरीत माझा शब्द खरा मानणारा तू एकटाच होतास, आणि तूच तो खोटा पाडलास.’ मग माझ्या सलामाची वाट न बघता गेले.

दोन्ही खोल्या काल पाडल्या. त्याचं दुःख आहेच, मैमुनाचं तर फारच आहे. पण मामू, रोज संध्याकाळी मजलिशीच्या दारापर्यंत जातो आणि तसाच मागे फिरतो. आत कुणीच बसलेलं नसतं, ते एकटे असतात. तरी माझं पाऊल आत पडत नाही.

रागवा, पण पत्र लिहा.
तुमचा हमीद