नुसतं बोट लाव

सिबू, ता. ९ मार्च

ती. रेम्बाताईस,
सुलीचा सा. न. वि. वि.

उंगांगच्या होडीतून तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. आपल्या आईचा, इंदाईचा खोकला उतरला आणि डोंगरावरचं भात कापून झालं, हे वाचून बरं वाटलं.

माझ्या पोटाच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले. डॉक्टरांनी केळ्याएवढंच पोट शिल्लक ठेवलंय. आधी पंधरा दिवस नुसतं पातळ, मग लापशी, आता अर्धी वाटी मऊ भात आणि मासा. घास वीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. घाई केली की छाती दाटते, आणि गोड खाल्लं की घाम फुटून आडवं व्हावं लागतं. केसही गळतात. पण वजन शंभराच्या खाली आलं, साखरेची सुई सुटली आणि शाळेचा जिना मी न थांबता चढते.

खाण्यापेक्षा रांधण्यानंच जीव काढलाय. शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी रोज सहा पातेली शिजवते. प्रत्येकातला चमचाभर चाखला की माझं जेवण तिथंच आटोपतं. म्हणून आता वासावर रांधते, आणि मुलं मीठ जास्त झालं म्हणून तोंडं वाकडी करतात. घरी एकटीसाठी तांदूळ काढतानाही हात चौघांचा काढतो. मला माप समजलंय, हाताला समजायचंय.

इंदाईनं उंगांगबरोबर पाठवलेलं गाठोडंही आलं. नवा तांदूळ आणि धुरावलेलं डुकराचं मांस असणार, बाहेरूनच कळत होतं. मी ते न सोडता दारातूनच उंगांगच्या हातून शेजारच्या तिओंगबाईंना देऊन टाकलं. सोडलं असतं तर मला आवरलं नसतं.

गवाईच्या सणाला मी येत नाही, ताई. आपल्या लांबघरात एका छपराखाली बावीस कुटुंबं, बावीस दारं. प्रत्येक दारात भात आणि तुआकचा पेला, आणि मला वर्षभर दारूचा थेंब चालत नाही. कुणाकुणाला नाही म्हणू? ऑपरेशनचं इंदाईला सांगू नकोस. सुट्टीत शाळेचं शिबिर आहे म्हणून सांग.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी सुली

*

लांबघर, ता. २ एप्रिल

चि. सुलीस,
रेम्बाचे अनेक आशीर्वाद.

शिबिराची थाप बरी शोधलीस. लहानपणी शाळा बुडवताना पोटदुखी सांगायचीस, तीही अशीच कुणाला पटायची नाही.

उंगांगच्या तोंडाला कुलूप नाही, हे तुला ठाऊक हवं होतं. त्यानं घाटावर सगळ्यांदेखत सांगितलं की, तुमच्या सुलीनं गाठोडं न शिवताच शेजारणीला दिलं. इंदाई तेव्हा तिथंच मासे साफ करत होती. तिनं मासे तसेच टाकले. दोन दिवस घाटावर बसून होती आणि खालून येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत होती की सिबूत काही अपघात तर झाला नाही ना. मागच्या होडीतून तुझं पत्र आल्यावर उठली, पण अजून नीट जेवत नाही.

अगं, खायचं नव्हतं तर नसतं खाल्लंस. निदान गाठोड्याला बोट लावून ते ओठाला लावायचं होतंस. समोर आलेलं अन्न न शिवता सोडलं की पुनी लागते, वाटेत घात होतो, हे आपण रांगत्या पोरालाही शिकवतो. त्यात आपल्या घरी तर वडिलांचं, अपाईंचं ते तसं झालेलं. तू सहा वर्षांची होतीस. अपाई ताटाला न शिवता होडीत बसले आणि धबधब्याखाली होडी उलटली. मला विचारशील तर त्यांना नदीच्या पुरानं नेलं, भातानं नाही. पण इंदाई अडतीस वर्षं तेच सांगत आलीये आणि तेच धरून जगलीये.

मला तिच्याशी खोटं बोलवत नाही. ऑपरेशनचं सांगू का? लवकर कळव.

तुझी
रेम्बा

*

सिबू, ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पायरीवरच बसून राहिले. बोट लावायचं मी खरंच विसरले. नऊ आठवडे डोक्यात एकच हिशेब होता, पोटात किती जाईल आणि किती नाही. शिवलं तरी अन्नाचा मान राहतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी चुकले.

तिला ऑपरेशनचं सांग. पण पुढचं फक्त तुझ्यासाठी लिहिते. अपाई गेल्यापासून इंदाईनं मला दुसरी वाढ घेतल्याशिवाय कधी उठू दिलं नाही. पोट भरलं म्हटलं की तिचा चेहरा घाटावर वाट पाहत बसल्यासारखा व्हायचा. म्हणून मी खात गेले. शाळेत जाताना, बाजाराला जाताना, सिबूला यायच्या दिवशी तर तीन वेळा. ताई, मी भूक म्हणून कमी आणि तिची भीती म्हणूनच जास्त खाल्लं. आता पोटात जागा नाही आणि तिची भीती तेवढीच आहे. तिच्या ताटासमोर बसून नाही म्हणायची मला छाती होत नाही. म्हणून येत नाही.

हे तिला वाचून दाखवू नकोस.

तुझी
सुली

*

लांबघर, ता. ८ मे

चि. सुलीस,
तुझ्या इंदाईचे आशीर्वाद. अक्षर रेम्बाचं आहे, बोलणं माझं.

तू वाचू नको म्हटलेलंही मी वाचून घेतलं. रेम्बा तिथं अडखळली, तेव्हाच मला कळलं की खाली काहीतरी आहे. तिच्यावर रागावू नकोस.

पोट कापल्याचं ऐकून मी रडले. मग जिन्याचं ऐकलं. माझे गुडघे मला घाटाच्या पायऱ्या चढू देत नाहीत, तुझे देतात. बरं झालं.

आता मी सांगते ते नीट वाच. हे रेम्बालाही आज पहिल्यांदाच कळतंय, म्हणून तिचं अक्षर बिघडलं असेल. तुझ्या अपाईंनी त्या दिवशी ताट नाकारलं नव्हतं. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, शिकारी कुत्रं विकण्यावरून. सकाळी ते चुलीपाशी येऊन उभे राहिले. भात झाला होता. मी वाढला नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वल्हं घेऊन गेले. मी ताट पुढे केलंच नाही, तर ते बोट कशाला लावणार? होडी उलटल्यावर लोकांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं की ते न शिवता गेले. मग तेच खरं झालं.

त्यांना न वाढलेला भात मी तुला वाढत राहिले, पोरी. चूक माझी होती आणि खावं तुला लागलं.

गवाईला ये. बावीस दारांचं माझ्यावर सोड. मी तुझ्यापुढे चालेन आणि प्रत्येक दारात सांगेन की ही नुसतं बोट लावेल, आणि कुणी पेला पुढे केला तर तो मी घेईन. (हे सांगताना इंदाईला बराच आनंद झालेला दिसतो. - रेम्बा) ताट पुढे करणं माझं काम. किती खायचं ते तुझं.

दीर्घायुषी हो, निरोगी राहा, सुखात राहा.
इंदाई

*

सिबू, ता. २१ मे

ती. इंदाईस,
सुलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

एकतीस तारखेला सकाळच्या बोटीनं निघते. बोट कपितपर्यंतच येते, उंगांगला तिथल्या धक्क्यावर होडी घेऊन थांबायला सांग, आणि वाटेत मला काही खायला देऊ नको म्हणावं.

तुझ्यावर मी रागावले होते, दोन दिवस. आता नाही. काल भात लावला. हातानं पुन्हा चौघांचाच काढला. तिओंगबाईंना द्यायच्या आधी त्याला बोट लावलं आणि ओठांना लावलं. एक बोट अपाईंच्या नावानंही लावलं. ते चालतं का, मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

माझ्यासाठी लहान ताट काढू नकोस, नेहमीचंच मांड. फक्त रेम्बाताई म्हणते की तू अजूनही सगळ्यांच्या मागून चुलीपाशी उभ्यानं जेवतेस. ते यंदा नको. मला अर्धी वाटी खायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ माझ्यासमोर बसून जेव.

तुझी
सुली