उखळातला हात

डोळखांब
९ जानेवारी

चि. रत्ना, आशीर्वाद. जावयांना सांग, सासू बरी हाय, दात सोडून.

होय गो, आमी दोघी एकाच उखळात पोहे कांडायचो, मी नि शेजारची धोंडीबाई, आणि कधी मुसळाला मुसळ लागलं नाय. फोनवर तू विचारत होतीस तेव्हा मागून नितीनराव हसत होते, म्हणून लिवून कळवते. हसू दे त्यांना. पोहे आवडतात, कसे होतात ते ठाव नाय.

तुझं काम मला कळलं ते असं. कंप्युटरमधलं लिवायचं पान. एक काम त्यावर लिवतं, दुसरं त्याच वेळी चुका शोधतं, तिसरं जपून ठेवतं. तुला भीती, एकाच्या बोटावर दुसऱ्याचा घाव बसेल. तू त्यांना धागे म्हणतेस. मी मुसळं म्हणते.

मग ऐक. पोहे परतायला उखळात हात घालायचा असला की धोंडीबाई "हात" म्हणायची. माझं मुसळ वर. हात बाहेर काढून ती "हां" म्हणाली, की मी मारायची. फक्त हात आत ठेवून गप्पा नाय मारायच्या. ती मारायची, सुनेच्या कागाळ्या, आणि खांदे माझे दुखायचे. तुझ्या धाग्यांना पण ताकीद दे.

तुझे साहेब म्हणतात, एकाने हात घातला की सगळ्याच पानांवरची कामं थांबवा. त्यांना माझा नमस्कार सांग. डोळखांबात उखळात हात गेला म्हणून पार तिकडच्या वैशाखरे गावातलं मुसळ कशाला थांबवता?

इकडे वालाला फूल आलंय. मांजर तुझ्या बाच्या खाटेवर निजते. मी हाकलत नाय.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला. हात घातलेला धागा "हां" न म्हणता मधेच मेला, तर दुसऱ्याने कुठवर थांबायचं? तू कामाचं म्हणून सहज विचारलंस.

धोंडीबाईचे गुडघे गेले, म्हणून औंदा दिवाळीच्या पोह्यांना तुझा बा उभा राहिला माझ्यासमोर. बाप्या मुसळाला, सगळा पाडा हसला. मी पण म्हटलं, लुगडं देऊ का. तो "हात" म्हणाला, वाकला, आणि तसाच उखळावर कलला. मी मुसळ वर धरून उभी. वाटलं, मस्करी करतोय, आता "हां" म्हणेल. धोंडीबाई लंगडत आली, तिनं माझ्या हातातनं मुसळ काढून घेतलं.

तेव्हा तुझ्या पानाचं असं कर. थांबलेल्याला आपणहून कळत नाय. बाहेरून कोणीतरी बघत राहिलं पायजे. मेलेल्याचा हात त्यानं काढावा, आणि थांबलेल्याला सांगावं.

तेराव्याला तू म्हणालीस, आय किती धीराची, आल्यागेल्याची थट्टा करते. धीर नव्हता गो तो. मी रडले नाय, अजून नाय. तुझा बा गेला आणि मला काय वाटतच नाय.

तुझी
आय