उंबऱ्याबाहेरचा चहा

सुलवाच्या बाबांना सलाम.

सैऊनला सुखरूप पोहोचले. लेक-जावई मजेत आहेत. तुमचा खोकला कसा आहे? मध संपला असेल तर मागवून घ्या.

लेकीच्या मातीच्या घराला तिसरा मजला चढला. आपल्याकडे एक मजला पुरता वाळल्याशिवाय कुणी पुढच्याला हात घालत नाही. या गवंडी करामाने मध्ये एकदाही काम थांबवलेलं नाही. त्यात तळमजल्याला आताच चुना फासून ठेवलाय. चुना सगळ्यात शेवटी लावतात, मग खालची ओली माती झाकायची एवढी घाई कशाला?

विचारलं तर हसतो. "मावशी, तुम्ही शिकलेल्या बायका भिंतीलाही परीक्षेला बसवता. ईदचं जेवण याच घरात होईल, माझा शब्द."

"आई, त्यांना दुखवू नकोस," सुलवा म्हणाली. तिने नव्या घरी जायला गाठोडी बांधूनही ठेवली होती.

मी वाद घातला नाही. पण करामा रोज भिंतीपासून लांब, उन्हात बसून जेवतो, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. काल मी तळमजल्यावर चटई अंथरली, चहा मांडला आणि त्याला हाक मारली, "ये, आत सावलीत बस."

त्याने छताकडे पाहिलं. "इथेच बरा आहे," म्हणाला, आणि पेला उंबऱ्याबाहेर उभ्यानेच संपवला.

सुलवा ते पाहत होती. घरी येऊन तिने गाठोडी सोडली.

ईदला याल तेव्हा जावयांच्या जुन्याच घरी उतरा. नवं घर तयार असल्याचा करामाचा निरोप आला तरी.

तुमची,
नूरिया